व्हिएन्नात एका कॉफीवर तीन तास

व्हिएन्नाहून आल्यापासून जो तो विचारतोय राजवाडे कसे होते, आणि मी मात्र प्रत्येकाला कॉफी हाऊसचंच सांगत बसते. एक कप घ्यायचा आणि हवं तितका वेळ बसायचं, बिल तुम्ही मागाल तेव्हाच येणार, हे मला त्या शहरातलं सगळ्यात जास्त आवडलं.

पहिल्याच सकाळी मी आणि बहीण काफे स्पेर्लमध्ये गेलो, १८८० सालचं आहे ते. आत बिलियर्डची टेबलं, लाकडी दांडीला अडकवलेले पेपर, वर संगमरवर असलेली छोटी टेबलं, आणि ती खुर्ची बघून मी तर थांबलेच, अगं ही तर आपल्या इराण्याकडची! मग कळलं की मिखाएल थोनेटने लाकूड वाफेवर वाकवायची पद्धत बसवली आणि १८५९ मध्ये त्याची १४ नंबरची खुर्ची आली, लाकडाचे ६ तुकडे, १० स्क्रू, २ नट, सुटी करून खोक्यात भरली की बोटीने कुठेही पाठवता यायची. तशा घाटाच्या खुर्च्या मग जगभरच्या कॅफेंत गेल्या, थेट आपल्या इराण्यांपर्यंत.

तिथे नुसतं 'एक कॉफी' म्हणून भागत नाही. मेलांज म्हणजे दूध आणि फेसवाली. आइनश्पेनर म्हणजे काचेच्या ग्लासात काळी कॉफी आणि वर भरपूर फेटलेलं क्रीम, हे नाव एका घोड्याच्या बग्गीवरून पडलंय, क्रीमच्या थराखाली कॉफी गरम राहायची म्हणून बग्गीवाल्यांना ती सोयीची. सोबत छोट्या ट्रेमध्ये पाण्याचा ग्लास असतोच.

आणि केक! १८३२ मध्ये १६ वर्षांच्या फ्रान्झ साखरने ऑस्ट्रियाचा तेव्हाचा चॅन्सलर मेटर्निख याच्यासाठी चॉकलेट केक केला, तोच साखरटोर्ट (आडनावच साखर, मला फार गोड वाटलं हे). त्याचा मुलगा एदुआर्द डेमेल या जुन्या केकच्या दुकानात शिकला, पुढे त्याने स्वतःचं हॉटेल काढलं, आणि मग खरा केक कोणाचा यावरून हॉटेल आणि डेमेल यांच्यात कोर्टकचेरी झाली, ती मिटली १९६३ मध्ये. 'ओरिजिनल' हा शब्द हॉटेलला मिळाला. त्यांच्या केकमध्ये जर्दाळूचा जॅम मधेही असतो आणि चॉकलेटच्या थराखालीही, डेमेलच्यात फक्त वरच्या थराखाली. दोन्ही खाल्ले, मला डेमेलचा जास्त आवडला, चॉकलेटची चव सरळ लागते. पण केक जरा कोरडाच असतो, बाजूचं बिनसाखरेचं क्रीम प्रत्येक घासाला लावून खा, नाहीतर मजा नाही.

शेवटच्या संध्याकाळी काफे हावेल्कात गेलो, १९३९ चं, आत मंद उजेड. रात्री आठनंतर तिथे बुख्टेलन मिळतात, आत प्लमचा जॅम भरलेले गरमागरम गोड पाव. दोन मागवले, मग अजून दोन. शेजारच्या टेबलावरचे आजोबा आम्ही आलो तेव्हा पेपर वाचत होते आणि निघालो तेव्हाही वाचतच होते, समोरचा कप कधीचा रिकामा.