खडा गार असतो तोवर

तुम्ही विचारलंत म्हणून लिहिते. माझ्या टेबलावरचा पांढरा खडा पाहिला की घरी आलेलं माणूस हमखास विचारतं, "बाई, हा हातात धरला की खरंच मन शांत होतं का? आम्ही कोणता घ्यावा?" विचारणाऱ्यांत कुणाला रात्र रात्र झोप नसते, कुणाची लेक बाळंतपणाला आलेली असते, कुणाचं सोयाबीन पाण्याखाली गेलेलं असतं. म्हणून उत्तर नीट द्यायला हवं.

मन शांत होतं. माझं होतं. पण दुखणं बरं होत नाही, आणि हे दुसरंही मला तेवढ्याच जोरानं सांगायचंय.

खडा विकतचा नाही. २०१३ च्या दुष्काळात दादांनी सिल्लोडकडच्या आमच्या शेतातली विहीर आणखी खोल करायला घेतली. सुरुंग उडाला की यारीच्या टोपलीतून काळा दगड वर यायचा. पाणी काही येईना. एक दिवस फुटलेल्या दगडाच्या पोटात पोकळी निघाली आणि आत खडीसाखरेसारखे चकाकणारे खडे. त्यातला एक निखळलेला, अंगठ्याएवढा, दादांनी धोतराला पुसला आणि माझ्या तळहातावर ठेवला. "पाणी नाही लागलं बाई, हे लागलं. घे, तुझ्या शाळेतल्या लेकरायला दाखव." विहिरीपायी कर्ज झालं होतं, त्याबद्दल त्या दिवशी एक शब्द बोलले नाहीत. आज दादा नाहीत. खडा मुठीत घेतला की मला आधी ते आठवतात. तुमच्या हातात तो माझ्याइतकं काम करील असं मी कशाच्या जोरावर सांगू?

लेकरांना तो खूप वर्षं दाखवला. आपल्या पायाखालचा काळा दगड म्हणजे साधारण ६.६ कोटी वर्षांपूर्वीचा लाव्हा. तो थिजताना वायूचे बुडबुडे आत अडकले, त्यांच्या पोकळ्या राहिल्या. पुढे खनिजं विरघळलेलं पाणी त्यांत झिरपत राहिलं आणि आतल्या भिंतीवर खडे धरले. कुठे गारगोटी, कुठे जांभळा ॲमेथिस्ट, कुठे फिकट नारिंगी स्टिल्बाइट, कुठे काचेसारखा ॲपोफिलाइट. अजिंठा लेण्यांच्या पायथ्याला विकायला मांडलेले असतात ते याच घराण्यातले. हा व्यापारही जुना आहे. पहिल्या शतकातल्या एका ग्रीक व्यापारी नोंदीत पैठणहून ओनिक्सचे दगड गाड्यांवर लादून भडोच बंदरात जात असल्याचं लिहिलंय. माझा खडा गारगोटीचा. काचेवर ओढला तर काचेला चरा पडतो, तिथंच कळतं.

आता दुखण्याचं. माझ्या चुलत वहिनीला एका दुकानदारानं लाल मण्यांचं ब्रेसलेट दिलं, रक्तदाब उतरतो म्हणून. मणी सुंदर होते, तिला आवडले, ते मला आजही खुपत नाही. पण तिनं गोळ्या सोडल्या. तीन आठवड्यांनी पहाटे चक्कर येऊन मोरीत पडली, चार दिवस दवाखान्यात काढले. त्या चार दिवसांचा राग माझ्या मनातून गेलेला नाही. दुकानदार हमखास सांगतात की घड्याळातसुद्धा गारगोटी असते, ती कंप पावते, तशी शरीराची कंपनंही जुळवते. अर्धं खरं आहे. गारगोटी दाबली की तिच्यात वीज उमटते, हे क्युरी बंधूंनी १८८० साली दाखवलं. पण घड्याळातल्या गारगोटीला बॅटरी लागते. मुठीतल्या खड्याला कुणी वीज देत नाही, आणि रक्तवाहिन्यांना त्याचा पत्ताही नसतो.

२००१ साली लंडनच्या गोल्डस्मिथ्स कॉलेजातले मानसशास्त्रज्ञ ख्रिस्तोफर फ्रेंच यांनी एक प्रयोग मांडला होता. काही जणांच्या हाती खरे स्फटिक दिले, काहींच्या हाती नकली. ऊब, मुंग्या, हलकं वाटणं, दोन्हीकडच्या लोकांनी सारखंच सांगितलं. काय काय वाटू शकतं याची आधी कल्पना दिलेल्यांना ते जास्त जाणवलं. काही जण यावर म्हणतात, मग सगळं थोतांडच की. मला तसं वाटत नाही. त्या माणसांना बरं वाटलं हे खोटं नव्हतं. ते दगडातून आलं नव्हतं, एवढंच.

मग माझं मन कशानं निवतं? मला उमगलंय ते असं. गारगोटी काचेपेक्षा उष्णता लवकर ओढून घेते, म्हणून हातात घेताच ती गार लागते. काचेचा मणी तितका गार लागत नाही. विकत घेताना ही खूण उपयोगी पडते. त्या गारव्यानं सगळं ध्यान तळहातात उतरतं. डोक्यात चाललेलं बिल, फोन, भांडण जरा मागं सरतं. मी खडा मिटल्या मुठीत धरते आणि तो माझ्या हाताइतका ऊबदार होईपर्यंत उठत नाही. मध्येच श्वास आपोआप लांबतो. माळ जपणाऱ्या आमच्या आजीलाही असंच होत असावं, तिच्या बोटांना मण्यांचं काम होतं.

म्हणून कोणता घ्यावा याला माझ्याकडे एकच उत्तर आहे. मुठीत मावणारा, टोचणार नाही असा, आणि हरवला तर जीव जळणार नाही इतक्या किमतीचा. ॲमेथिस्ट घेतलात तर उन्हात ठेवू नका, रंग उडतो. मिठाच्या पाण्यात बुडवून 'शुद्ध' करायला सांगतात, ते करू नका, नाजूक खडे खराब होतात. गोळ्यांची वेळ मात्र चुकवू नका. महिनाभर झोप नसेल, जगणं नकोसं वाटत असेल, तर खडा टेबलावर राहू द्या आणि डॉक्टरांकडे जा. एकटं जावंसं वाटत नसेल तर मला हाक मारा, मी बरोबर येते.

एक अडचण तेवढी आपल्याकडची. मे महिन्यात पारा बेचाळिसाला टेकला की खोलीतला दगड गार राहतच नाही, हातात घेतला तर उलट कोमट लागतो. मग मी तो दुपारीच माठाखालच्या ओल्या वाळूत पुरून ठेवते आणि दिवेलागणीला काढते. पुसत नाही. वाळूचे चार कण तसेच हाताला लागतात.