गंजाचा सांधा

दिवाळीआधीच्या रविवारी सकाळी माझ्या मोटारीचे मागचे डावे चाक जमिनीपासून चार बोटे वर उचललेले होते, त्याचे चारही नट उलट्या ठेवलेल्या व्हील कपमध्ये निवांत पडलेले होते, आणि तरीही चाक जागचे हलत नव्हते. कर्णाचे चाक निदान जमिनीत तरी रुतले होते. माझे अधांतरी रुतले होते.

टायर बदलायचे बरेच दिवस मनात होते. टायरच्या कडेला लंबगोलात जे चार आकडे उमटवलेले असतात, त्यांतले पहिले दोन आठवडा सांगतात आणि पुढचे दोन वर्ष. माझ्या टायरांवर २३१८ असे होते, म्हणजे २०१८ सालचा तेविसावा आठवडा. शाळा, मंडई आणि वर्षातून दोनदा कोकण यांपलीकडे गाडी फारशी जात नसल्याने नक्षी शिल्लक होती, पण रबराला बारीक भेगा पडू लागल्या होत्या. चारही टायर एकदम बदलून टाकू असे ठरवून किल्ली घेऊन खाली यावे, तर हा एक रात्रीतून बसलेला. तेव्हा स्टेपनी चढवायची आणि टायरच्या दुकानापर्यंत जायचे, एवढेच काम उरले होते, आणि ते अर्ध्या तासाचे आहे असे मी घरात सांगूनही बसलो होतो.

नट मी गाडी उचलण्याआधीच, चाक जमिनीवर असतानाच सैल करून घेतले होते. त्यांनाही पान्यावर उभे राहावे लागले. लहान मोटारींचे नट साधारण शंभर न्यूटन-मीटरच्या आसपास आवळायचे असतात, म्हणजे हातभर लांबीच्या पान्याच्या टोकाला वीस-बावीस किलोंचा भार पुरतो; येथे माझे सत्तर किलो कसेबसे पुरले, कारण मागच्या वेळी कोणीतरी हवेच्या गनने ते मनसोक्त आवळून ठेवले होते. पण नट निघाले. चाक नटांनी धरलेले असते अशी माझी पन्नास वर्षांची समजूत होती, त्यामुळे नट निघाल्यावर ते हातात येईल असे मी गृहीत धरले होते.

आधी मी ते दोन्ही हातांनी ओढले, मग हलवून पाहिले, मग टायरवर लाथा घातल्या. तिसऱ्या लाथेला चाक जागच्या जागी राहिले आणि जॅक मात्र किंचित कलला. समोरच्या दारात चहा पीत उभे असलेले आबा तेव्हा कप ठेवून रस्त्यावर आले. आबांनी शिरोली एमआयडीसीतल्या एका फौंड्रीत तीस वर्षे ओतकाम केले आहे, आणि राजारामपुरीच्या आमच्या गल्लीत लोखंडाशी संबंधित कोणताही वाद त्यांच्याकडे जातो.

"सर, म्होरल्या चाकास्नी दगड लावलाय का?" त्यांनी पहिला प्रश्न विचारला. लावला नव्हता. हँडब्रेक ओढला आहे, असे मी म्हणालो. हँडब्रेक मागच्या दोन चाकांना धरतो आणि त्यांतले एक आपण हवेत उचलले आहे, हे त्यांनी मला ज्या सौम्यपणे समजावून सांगितले, तो सौम्यपणा मी वर्गात गेली पंचवीस वर्षे साधण्याचा प्रयत्न करीत आहे.

दगड लागले. मी घरातून हातोडा आणला, तो त्यांनी हातातून काढून घेतला. चाक पोलादी पत्र्याचे असले तरी ते ब्रेकच्या ज्या ड्रमवर बसते तो बिडाचा, म्हणजे ओतीव लोखंडाचा असतो, आणि बीड काय चीज आहे ते आबांना माझ्यापेक्षा अधिक ठाऊक. "पोलाद वाकतंय, बीड फुटतंय," ते म्हणाले, "नेम चुकला तर कड उडंल, मग ड्रमच बदला." मग त्यांनी मला वाकवून मधली जागा दाखवली. ड्रमच्या मध्यावर एक उंचवटा असतो आणि चाकाच्या मधले भोक त्यावर इतके नेमके बसते, की दोहोंमध्ये जेमतेम केसाएवढी फट राहते. चाक मध्यावर आणायचे काम तो उंचवटा करतो. नट नुसते दाबून धरतात. त्या फटीच्या जागी आता तपकिरी, खडबडीत असे एक कडे तयार झाले होते. नखाने खरवडले तर नखच झिजले.

गंज म्हणजे झीज, गंज म्हणजे लोखंड कमी होणे, असेच आपण धरून चालतो. पण लोखंडाचा गंज होताना त्यात हवेतला प्राणवायू आणि पाणी मिळते, आणि तयार होणारा गंज मूळ लोखंडाच्या दुपटीपासून सहापटीपर्यंत जागा मागतो. उघड्या पत्र्यावर तो फुगून पापुद्र्यासारखा गळून पडतो. केसाएवढ्या फटीत मात्र त्याला फुगायला जागाच नसते, म्हणून तो दोन्ही बाजूंना रेटत पाचरीसारखा घट्ट बसतो. येथे लोखंड खाऊन त्याने एक सांधा तयार केला होता, आणि तो कोणत्याही नटाहून पक्का होता.

त्याला पाणी कोठून मिळाले हे मला ठाऊक होते. २०२१ च्या जुलैत पंचगंगेला पूर आला, तेव्हा ही गाडी शाहूपुरीत मेहुण्यांच्या दारात उभी होती. राजाराम बंधाऱ्यावर ३९ फुटांना इशारा आणि ४३ फुटांना धोका हे आकडे कोल्हापुरात शाळकरी पोरालाही पाठ असतात. मलाही पाठ होते, तरी मी गाडी आणायला उद्या जाऊ म्हणालो. पाणी चाकांच्या निम्म्यापर्यंत चढून ओसरले. नंतर इंजिन तपासले, गालिचे वाळवले, पुढचे ब्रेक उघडून साफ करून घेतले. मागची चाके उघडावीत असे ना मला वाटले, ना दुरुस्तीवाल्याला. त्यावर कोल्हापूरचे चार पावसाळे गेले.

गंज सोडवणाऱ्या तेलाचा एक डबा माझ्याकडे होता. डब्ल्यूडी-४० या नावातली पहिली दोन अक्षरे 'पाणी हटवणे' याची आहेत आणि चाळीस म्हणजे चाळिसावे मिश्रण; १९५३ साली अमेरिकेत ते अ‍ॅटलस क्षेपणास्त्राच्या पत्र्याला गंजापासून वाचवण्यासाठी तयार झाले. क्षेपणास्त्रासाठी केलेले तेल स्वयंपाकघराच्या बिजागरीसाठी मी चार वर्षे वापरत होतो. आबांनी ते मधल्या कड्याभोवती थेंबाथेंबाने सोडले, ब्रेकच्या बाजूला जाऊ नये म्हणून खाली चिंधी धरली, आणि मला चहा घेऊन यायला सांगितले. वीस मिनिटे आम्ही चाकाकडे पाहत बसलो. या कामातला सर्वांत अवघड भाग मला हाच वाटला.

त्यानंतरही चाक ढिम्म. तेव्हा आबांनी चारही नट परत लावायला सांगितले. मला वाटले, त्यांनी नाद सोडला. पण नट आवळायचे नव्हते. शेवटपर्यंत फिरवून मग प्रत्येक नट दोन-दोन आटे मागे घ्यायचा होता. गाडी खाली उतरवली, दगड काढले. "आता लाथा नगंत. गाडीलाच करू दे तिचं काम. दोन हात म्होरं घ्या आणि ब्रेक मारा, हळू." मी गाडी सुरू केली, रांगत्या पोराच्या वेगाने पुढे घेतली आणि ब्रेक दाबला. काही नाही. मागे घेतली, ब्रेक. पुन्हा पुढे. तिसऱ्या खेपेला मागून सुपारी फुटावी तसा एकच आवाज आला, आणि आबांनी हात वर केला.

पुन्हा उचलल्यावर नट काढले तर चाक दोन बोटांनी निघाले. उंचवट्यावरचा गंज आम्ही तारेच्या ब्रशने घासून काढला. खालून निघालेला करडा, मंद चकाकीचा रंग पाहून आबा खूश झाले. त्यांनी घरून ग्रीसची छोटी डबी आणली आणि बोटाने एक पातळ थर फक्त त्या उंचवट्यावर फिरवला. आट्यांना ग्रीस लावू दिले नाही, कारण मग तेवढ्याच जोराने नट जास्त आवळला जातो. "बोटाला ऱ्हाईल तेवढंच," असे म्हणून डबी त्यांनी माझ्या खिशात घातली.

दुकानात तीन चाके उरली होती. पुढची दोन्ही मिनिटभरात निघाली आणि मागचे उजवे, अपेक्षेप्रमाणे, नट काढूनही बसून राहिले. मी कामावरच्या पोराला गाडीच्या वजनाची युक्ती सांगायला सुरुवात केली. त्याने मान डोलावली, फरशीवर बूड टेकले, हात मागे रोवले आणि टायरच्या उजव्या कडेला एक, डाव्या कडेला एक, अशा टाचेच्या दोन लाथा घातल्या. चाक निघून त्याच्या मांडीवर आले. त्याचा जॅक माझ्या जॅकच्या चौपट जाड होता हे खरे, पण मी तिन्ही लाथा एकाच कडेला मारल्या होत्या, हेही खरे.

मी खिशातली डबी पुढे केली आणि बोटाला राहील तेवढेच लाव म्हणालो. "कोण लावत न्हाई, साहेब," असे म्हणत त्याने झाकण उघडले आणि तीन बोटे भरून घेतली.