वजन वाढलेला धावपटू

मी सोलापुरात अकरा वर्षांपासून फिजिशियन म्हणून काम करते. एप्रिल-मे महिन्यांत पारा ४२-४३ अंशांवर चढला की आमच्याकडे शेतमजूर, बांधकामावरचे गवंडी आणि दुचाकीवरून माल पोहोचवणारी मुले घामाने निथळत, भोवळ येऊन दाखल होतात, आणि त्यातून आम्हा डॉक्टरांच्या हाताला अशी सवय जडते की तपासणी पूर्ण होण्याआधीच सलाईनची बाटली टांगली जाते. रुग्णांनाही ती हवीच असते. बाटली लावल्याशिवाय उपचार झाल्यासारखे त्यांना वाटत नाही. ही सवय एखाद्याच्या जिवावर कशी बेतू शकते, हे मी जानेवारीच्या अखेरच्या एका रविवारी बार्शी रस्त्याकडच्या माळावर पाहिले.

त्या माळावर एक लहानशी ट्रेल मॅरेथॉन भरली होती. शहाऐंशी धावपटू होते आणि त्यांपैकी जेमतेम तीस जण पूर्ण ४२ किलोमीटर, म्हणजे २१ किलोमीटरचे दोन फेरे, धावणार होते. नान्नजचे माळढोक अभयारण्य त्याच बाजूला असल्यामुळे आयोजकांनी मार्ग त्याच्या हद्दीपासून बराच लांब ठेवला होता. थोडा मुरूम, थोडी काळ्या रानातली गाडीवाट, दोन कोरडे ओढे आणि दोन्ही बाजूंना कणसात आलेली ज्वारी असा तो मार्ग होता. रस्ता दाखवण्यासाठी बोरी-बाभळींना बांधलेल्या लाल पट्ट्यांपैकी बऱ्याचशा आदल्या संध्याकाळी शेळ्यांनी खाऊन टाकल्या होत्या, त्यामुळे पहिल्या फेरीत सहा जण चुकून एका ज्वारीच्या शिवारात शिरले आणि तिथल्या राखणदाराने त्यांना हुरड्याचे पाहुणे समजून आगटीजवळ बसवून घेतले. त्यांतला एकजण नंतर मला म्हणाला, की वेळ गेली याचे दुःख नाही, पण चटणी संपली होती.

वैद्यकीय व्यवस्था माझ्याकडे होती. एक मांडव, दोन खाटा, एक रुग्णवाहिका, मदतीला इंटर्नशिप करणारा एक तरुण डॉक्टर आणि दोन परिचारिका. उष्माघाताची मला विशेष धास्ती होती, कारण त्यात आधी शरीर थंड करायचे आणि मगच रुग्णाला हलवायचे असते. म्हणून जनावरांना पाणी पाजण्याची मोठी प्लास्टिकची टाकी, बर्फाच्या लाद्या आणि आपल्याच गावचे दोन डझन टर्किश टॉवेल मी मागवून घेतले होते. गावातल्या अडत्याचा इलेक्ट्रॉनिक काटाही आणला होता. त्यावर प्रत्येक धावपटूचे वजन करून ते त्याच्या क्रमांकाच्या कागदावर मागच्या बाजूला लिहिले, तेव्हा पोती तोलल्यासारखे आम्हाला तोलता काय, म्हणून बरीच थट्टा झाली. कुणाचे वजन किती घटले, म्हणजेच कुणाच्या अंगातले पाणी किती कमी झाले, हे मला पाहायचे होते. वजन वाढेल असा विचार तेव्हा माझ्या मनात आलाही नव्हता, हे इथे कबूल केले पाहिजे.

आदल्या संध्याकाळच्या सूचनासभेत मी सर्वांना बजावून सांगितले होते, की तहान लागण्याची वाट पाहू नका, प्रत्येक केंद्रावर थांबून पाणी प्या.

पहाटे साडेपाच वाजता शर्यत सुरू झाली तेव्हा सगळ्यांच्या अंगात स्वेटर होते आणि अकरापर्यंत डोक्यावर टोप्या, उपरणी आली. सकाळचे काम किरकोळ होते. मोज्यांत शिरलेली कुसळे, टाचांचे फोड, बुटाचा तळ भेदून गेलेला बाभळीचा एक काटा आणि ओढ्यात पाय मुरगळलेली एक शिक्षिका. या शिक्षिकेने घोट्याला पट्टी बांधून घेतली आणि मी नको म्हणत असताना उरलेले नऊ किलोमीटर चालत पूर्ण केले. तिला थांबवण्याचा मला अधिकार होता, पण तिचा चेहरा पाहून मी तो वापरला नाही.

बारा वाजून वीस मिनिटांनी एक स्वयंसेवक मुलगा धावत आला. “मॅडम, ते काका बगा की, येड्यासारखं बोलालेत.”

काका म्हणजे एका बँकेतले पन्नाशीचे अधिकारी. पूर्ण मॅरेथॉन ते पहिल्यांदाच करत होते आणि पावणेसात तासांनी त्यांनी शेवटची रेषा ओलांडली होती. मी पोहोचेपर्यंत त्यांना खाटेवर निजवून आमच्या तरुण डॉक्टरने हातात सुई घातलेली होती, बांबूला नॉर्मल सलाईनची बाटली लटकत होती आणि थेंब सुरू व्हायचेच बाकी होते. गृहस्थ दोनदा ओकले होते. डोके ठणकते असे म्हणत होते. मी नाव विचारले तर त्यांनी माझ्याकडे नीट पाहिले आणि म्हणाले, “आधी पासबुक दाखवा.” भोवतीचे दोघे-तिघे हसले. मला मात्र त्या वाक्याने भीती वाटली, कारण ते विनोद करत नव्हते.

शरीर कोरडे पडलेल्या माणसाची नाडी जलद असते, रक्तदाब उतरलेला असतो आणि जीभ सुकलेली असते. त्यांची नाडी ८८ होती, रक्तदाब १३८/८४ होता आणि जीभ ओली होती. गुदमार्गाने घेतलेले तापमान ३८.१ अंश सेल्सिअस भरले; उष्माघातात ते ४० च्या वर असते. साखर ११२ होती. म्हणजे ज्या तीन गोष्टींची मी तयारी करून आले होते, त्यांपैकी एकही जुळत नव्हती. तेवढ्यात परिचारिकेने त्यांची अंगठी काढण्याचा प्रयत्न केला आणि ती निघेना. मनगटी घड्याळाचा पट्टा कातडीत रुतला होता. बोटे सुजून टम्म झाली होती. मी बाटलीची कळ बंद करायला सांगितली आणि काटा मागवला.

चौघांनी धरून त्यांना काट्यावर उभे केले. पहाटेचे वजन ७१.४ किलो होते. आता काटा ७३.१ दाखवत होता. पावणेसात तास धावून, घाम गाळून माणूस एक किलो सातशे ग्रॅमने जड झाला होता.

त्यांच्या पत्नी शेजारी उभ्या होत्या. मी त्यांना विचारले, “वहिनी, यांनी वाटेत पाणी किती घेतलं असेल?” त्या म्हणाल्या, “पाण्याची अजिबात हयगय केली नाही, मॅडम. तुम्ही काल सांगितलं होतं ना, म्हणून प्रत्येक ठिकाणी दोन-दोन ग्लास घेतले.” त्यांनी हे मला धीर देण्यासाठी सांगितले होते.

या अवस्थेत रक्तातले सोडियम पातळ होते. निरोगी माणसात ते लिटरमागे १३५ ते १४५ मिलिमोल असते. तासन्‌तास श्रम चालू असताना शरीर मूत्र रोखून धरणारे संप्रेरक सोडत राहते, त्यामुळे जास्त प्यालेले पाणी बाहेर पडत नाही. ते पेशींत शिरते, आणि कवटीच्या आत फुगायला जागा नसल्यामुळे मेंदूवर दाब येतो. डोकेदुखी, ओकारी, भ्रम, मग झटके आणि बेशुद्धी असा पुढचा क्रम असतो. दक्षिण आफ्रिकेतील क्रीडावैद्यकाचे संशोधक टिम नोक्स यांनी १९८५ मध्ये अशा रुग्णांचे पहिले सविस्तर वर्णन प्रसिद्ध केले. २००२ च्या बॉस्टन मॅरेथॉनमध्ये एका तरुण धावपटूचा याच कारणाने मृत्यू झाला, आणि त्याच शर्यतीत ४८८ धावपटूंचे रक्त तपासले तेव्हा १३ टक्क्यांचे सोडियम उतरलेले आढळले. शर्यतीत वजन वाढणे आणि शर्यत पूर्ण करायला चार तासांहून अधिक वेळ लागणे या त्यातल्या ठळक खुणा होत्या. वेगाने धावणाऱ्याला पाणी प्यायला फुरसत नसते; सावकाश आणि जपून धावणाऱ्याला ती भरपूर मिळते. हे सगळे मी वाचलेले होते, पण सूचनासभेत बोलायला उभी राहिले तेव्हा तोंडून निघाले ते आमच्या उन्हाळ्याचे जुने पाठांतर.

बांबूवरची बाटली सुरू झाली असती तर काय झाले असते, हे मला खात्रीने सांगता येणार नाही. मूत्र रोखलेले असताना साधे सलाईनही अंगातले पाणी वाढवून ठेवते आणि सोडियम आणखी उतरू शकते, एवढे मात्र नक्की. यावर उपाय म्हणजे ३ टक्क्यांचे तीव्र सलाईन. त्याच्या दोन बाटल्या पेटीत होत्या, आणि त्याही माझ्या दूरदृष्टीमुळे नव्हे; सामानाच्या छापील यादीत त्यांचे नाव होते म्हणून औषध दुकानदाराने दिल्या होत्या, आणि निघताना जागा होत नाही म्हणून मी त्या जवळजवळ बाहेर काढल्या होत्या.

आधी तपासणीसाठी रक्त काढून ठेवले. मग १०० मिलिलिटर तीव्र सलाईन दहा मिनिटांत दिले. काहीच फरक दिसला नाही. ते दात खाऊ लागले आणि उजवा हात झटकू लागले, तेव्हा झटका येणार असे वाटून मी दुसरा १०० मिलिलिटरचा डोस सुरू केला आणि त्यांना रुग्णवाहिकेत घेतले. गाडीवाट संपून डांबरी रस्ता लागेपर्यंत मी एका हाताने बाटली आणि दुसऱ्या हाताने त्यांचा जबडा धरून बसले होते. तरुण डॉक्टर फोनवर रुग्णालयाला पुन्हा पुन्हा सांगत होता, की पेशंट येतोय, पण कुणीही साधी बाटली लावू नका. त्याचा आवाज कापत होता. त्याला वाटत होते चूक त्याची झाली; ती आदल्या संध्याकाळीच झालेली होती.

शहर जवळ आले तेव्हा त्यांनी डोळे उघडले, छताकडे पाहिले आणि अगदी संकोचून म्हणाले, “डॉक्टर, जरा गाडी थांबवता का? लघवीला लागलीय.” मूत्रपिंडांनी साठलेले पाणी सोडायला सुरुवात केली, याचा अर्थ धोका ओसरायला लागला. मी चालकाला थांबू दिले नाही, भांडे दिले, आणि ते भरलेले पाहून मला जो आनंद झाला तो घरी कुणाला समजावून सांगता आला नाही.

काढून ठेवलेल्या रक्तात सोडियम ११९ निघाले. संध्याकाळी १२६ झाले, दुसऱ्या दिवशी १३४. तेही घाईने वाढवायचे नसते, म्हणून रात्रभर दर चार तासांनी तपासणी केली. तिसऱ्या दिवशी ते घरी गेले. पंचविसाव्या किलोमीटरला गुडघा दुखतो म्हणून सोबत्याने दिलेली वेदनाशामक गोळी त्यांनी घेतली होती, हे जाताना त्यांना आठवले. अशा गोळ्यांनी मूत्रपिंडे पाणी आणखीच धरून ठेवतात. “मी तर इलेक्ट्रॉलसुद्धा घेत होतो,” असे ते तक्रारीच्या सुरात म्हणाले. त्या द्रावणात लिटरमागे ७५ मिलिमोल सोडियम असते, म्हणजे रक्ताच्या साधारण निम्मे. जुलाबात ते जीव वाचवते. पण लिटरमागून लिटर पोटात गेले तर तेही रक्त पातळच करते.

पुढच्या रविवारी मी तो मार्ग चालून पाहिला. आमची पाण्याची केंद्रे दर दोन किलोमीटरला होती. दोन फेऱ्यांत मिळून वीस. प्रत्येक ठिकाणी दोन ग्लास म्हटले तरी हिशेब अवघड नव्हता. मात्र त्याशिवाय वाटेत ज्या वस्त्या होत्या, त्यांचा हिशेब आम्ही धरलाच नव्हता. एका वस्तीवर नऊवारीतल्या आजी शेंगा निवडत बसल्या होत्या. ते गृहस्थ दोन्ही फेऱ्यांत तिथे थांबले होते आणि आजींनी त्यांना तांब्याभर पाणी पाजले होते. मी झालेला प्रकार सांगितला. त्या बराच वेळ गप्प राहिल्या आणि मग म्हणाल्या, “दारात आलेल्याला पाणी नको म्हणू का, बाई?” मी उत्तर न देता त्यांनी पुढे केलेला तांब्या घेतला. मला तहान लागलेली होती.

यंदा केंद्रे वीसवरून आठवर आणली. त्यावरून आयोजकांशी बरेच भांडण झाले, कारण पाणी कमी ठेवले म्हणून नाव खराब होईल, अशी त्यांची भीती होती आणि आमच्या भागात ती अवाजवी नाही. सूचनापत्रातले माझे वाक्य खोडून तिथे ‘तहान लागली तरच प्या’ असे लिहिले, त्याखाली ‘डॉक्टरांना न विचारता वेदनाशामक गोळी घेऊ नये’ अशी ओळ घातली आणि शर्यतीनंतरचे वजन सक्तीचे केले. हे सूचनापत्र सूचनासभेत वाचून दाखवण्याचे काम मी तरुण डॉक्टरकडे दिले. वस्त्यांचे काय करायचे, हे मात्र कुणालाच ठरवता आले नाही.

बँकेतले गृहस्थ यंदा २१ किलोमीटरला आले होते. पत्नी सोबत होती आणि तिच्या हातात त्यांच्या वजनाचा कागद होता. सुरुवातीला ७०.८, शेवटी ६९.९. आजींकडे ते थांबले होते का, असे मी विचारले. “थांबलो की,” ते म्हणाले, “पण अर्धाच तांब्या घेतला. त्यावरून त्या रागावल्यात.”