मिस्त्री कुठंय?

जालना जिल्ह्यातल्या एका वस्तीवर हापसा दुरुस्तीला गेलो. टेम्पोतून आधी ताई उतरल्या, मागून आम्ही दोघे मदतनीस. माणसं थेट माझ्याकडं आली. "मिस्त्री, सकाळी पन्नासेक वेळा हापसल्याबिगर पाणीच येत नाही." ताईच मिस्त्री आहेत म्हटलं, तरी पुढचा प्रश्न मलाच.

रात्रीतून पाणी खाली उतरतं, म्हणजे गळती पाईपच्या जोडात नाहीतर तळाच्या व्हॉल्व्हमध्ये. ताईंनी एवढं सांगितलं आणि एक बाबा म्हणाले, "पोरी, पाईप लई जड असत्यात. गड्याला करू दे."

जड असतातच. ३ मीटरचा पाईप ९-१० किलोचा. असे १०, वर रॉड आणि आतलं पाणी धरून दीडशे किलोच्या घरात. पण एवढं वजन कुणीच एकटा पेलत नाही, गडीसुद्धा. पाईप उचलायच्या लिफ्टरनं तिघांनी उचलायचं, प्रत्येक उचलीनंतर भार क्लॅम्पवर, म्हणजे बोअरच्या तोंडाशी पाईप आवळून धरणाऱ्या पकडीवर, सोडायचा. क्लॅम्प बसायच्या आत जोड खोलला तर उरलेले सगळे पाईप बोअरमध्ये जातात. दोन पोरं "ताई, सरका" म्हणत जोर लावायला पुढं आली, तेव्हा ताईंनी त्यांना याचसाठी थांबवलं. पुरुष मिस्त्री आला की त्याला अशी परीक्षा कुणी द्यायला लावत नाही, हे मला फार खटकतं.

सातव्या पाईपचे आटे खाल्लेले निघाले. ताईंनी त्यावरून बोट फिरवून बाबांना दाखवलं, दोन आटे पार गुळगुळीत झाले होते. पाईप बदलला, तळाशी पाणी ओढणाऱ्या सिलिंडरचे झिजलेले वायसरही बदलले. जोड आवळताना एक पाना खालच्या पाईपला, दुसरा वरच्याला. नाहीतर खालचा पाईपही सोबत फिरतो आणि जोड घट्ट बसत नाही.

मग मिनिटाला ४० हापसे मारून बादली मोजली: १२ लिटरच्या वर. अर्धा तास हापसा तसाच ठेवला. पाचाहून जास्त हापसे लागले असते तर गळती शिल्लक आहे असं समजून सगळं परत उपसावं लागलं असतं. दुसऱ्याच हापशाला पाणी आलं.

रजिस्टर सहीला माझ्यापुढंच आलं. मी ते ताईंकडं दिलं. बाबा मात्र आता त्यांच्याशीच बोलत होते, आणि हंडा घेऊन उभी असलेली एक बाई विचारत होती, "ताई, दांड्याच्या चेनला वंगण आम्ही लावलं तर चालंल का?" ताईंनी कव्हर उघडून पाना तिच्या हातात दिला. महिन्यातून एकदा चेन पुसून वंगण, आणि कव्हरचा बोल्ट परत घट्ट.