सात पॉइंट दहा

अंबाजोगाई, गुरुवार, रात्री

आज डी.एल.एड.च्या (शिक्षक होण्याचा अभ्यासक्रम, पूर्वीचं डी.एड.) पहिल्या वर्षाला फळ्यावर दोनच संख्या लिहून दिल्या: ७.९ आणि ७.१०. मोठी कोणती? निम्म्याहून जास्त हात ७.१० ला वर गेले. एक मुलगी म्हणाली, "मॅडम, नवापेक्षा दहा मोठेच की वो."

मला २०१६ चा एप्रिल आठवला. मिरजेहून लातूरला रेल्वेने पाणी आलं, तो उन्हाळा. तेव्हा मी भूजलावर संशोधन करत होते. आपल्याकडे खाली काळा पाषाण. पाणी राहतं ते वरच्या मुरमात आणि खडकाच्या भेगांत, म्हणून एका बांधावरची विहीर कोरडी आणि पलीकडचीला पाणी. हे समीकरणात बसवायचं, हा माझा विषय. गावातलेच लोक रोज सकाळी विहिरीत टेप सोडून पाणी किती खोल आहे ते वहीत लिहीत. एका विहिरीचा आलेख काढला तर पाणी रोज दहा सेंटिमीटर खाली जाताना दिसलं, आणि मग एका रात्रीत ऐंशी सेंटिमीटर वर! पाऊस नाही, कालवा नाही. दोन आठवडे मी खडकातली भेग शोधत बसले.

शेवटी वही मागवली. ७.८, ७.९, ७.१०, ७.११. सात मीटर नऊ सेंटिमीटर, सात मीटर दहा सेंटिमीटर. पाणी रोज एकेक सेंटिमीटर खालीच चाललं होतं. लिहिणारा दादा डी.एड. झालेला, फार नेमाचा, एका दिवसाचा खाडा नाही. मी ७.५ म्हणजे साडेसात असं सांगू लागले, तर तो म्हणाला, "मॅडम, सात ओव्हर पाच चेंडू झाले की ७.५ लिहितात. त्याला साडेसात ओव्हर म्हणतो का आपण?"

त्याचं खरं होतं. क्रिकेटमध्ये टिंब म्हणजे नुसता बांध, अलीकडे ओव्हर, पलीकडे चेंडू. दशांशात टिंबाच्या पुढच्या घराला दहावा भाग म्हणायचं, हे त्याला शाळेत कुणी करून दाखवलंच नव्हतं. आणि उद्या तो वर्गावर उभा राहणार होता.

भूजलाचं संशोधन पुढे काही वर्षांनी मी सोडलं. "पीएच.डी. करून डी.एड.च्या पोरांना शिकवणार?" असं घरच्यांनीही विचारलं. मला ते काम कधीच खालचं वाटलं नाही.

७.९ च्या शेवटी शून्य लावून ७.९० करा, म्हणजे अंक सारखे होतात, हा नियम मी मुद्दाम सांगत नाही. उत्तर बरोबर येतं आणि गैरसमज तसाच राहतो. आज टेप घेऊन सगळ्यांना व्हरांड्यात नेलं. सात मीटर नऊ सेंटिमीटरवर खडूची रेघ मारली. त्याच मुलीने ७.९ लिहिलं, थांबली, सात मीटर नव्वदवर जाऊन उभी राहिली, परत आली आणि मध्ये शून्य घातलं. ७.०९.

मग विचारते, "मॅडम, आजी सव्वासात म्हणते, ते कुठं येतं?"

तेवढ्यात घंटा झाली. टेप तिच्याकडेच ठेवायला दिली आहे.