तुम्ही विचारलंत म्हणून: एवढी माहिती मागून तुम्ही सरकारी कर्मचाऱ्यांच्या कामाचा खोळंबा करत नाही का?

माहिती अधिकाराचा विषय निघाला की हा प्रश्न हमखास येतो. विचारणारा बहुतेक वेळा सरकारी नोकरीत असतो, नाहीतर त्याच्या घरातलं कुणीतरी असतं. "ताई, तुम्ही एक कागद टाकून मोकळ्या होता. तिकडे दोन माणसं आठवडाभर तेच करत बसतात, त्याचं काय?"

माझ्या पहिल्या अर्जापुरतं बोलायचं तर, होय, खोळंबा झाला असता. रात्री ९.४० ची शेवटची बस आठवड्यातून दोनतीनदा यायचीच नाही. थांब्यावर उभं राहून वैतागलेल्या माणसाने लिहावा तसाच अर्ज मी लिहिला: आगारातल्या सर्व मार्गांवरच्या सर्व फेऱ्यांची मागील ५ वर्षांतली ठरलेली वेळ, सुटल्याची वेळ, रद्द फेऱ्या आणि त्यांची कारणं. जोडपत्र अ म्हणजे अर्जाचा ठरलेला नमुना, त्यावर १० रुपयांचा कोर्ट फी स्टॅम्प, माझ्याकडच्या प्रतीवर आवकचा शिक्का. महाराष्ट्राच्या नियमांप्रमाणे अर्जात विषय एकच हवा आणि शब्द साधारण १५० च्या आत हवेत. मी तर चार ओळींत भागवलं होतं, आणि त्याचा मला अभिमानही होता.

अठ्ठाविसाव्या दिवशी पत्र आलं. मागितलेली माहिती विस्तृत स्वरूपाची असून संकलित स्वरूपात उपलब्ध नाही, ती गोळा करण्यासाठी कार्यालयाची साधनसामग्री प्रमाणाबाहेर वळवावी लागेल, सबब कलम ७(९) अन्वये देता येत नाही. या 'सबब'वर माझा विशेष राग आहे. तो आला की पुढे नकार असतोच.

राग ओसरल्यावर मी कागद-पेन्सिल घेऊन बसले. समजा आगारात १०० गाड्या, दोन पाळ्या, दर पाळीला एक लॉगशीट. दिवसाला २००, वर्षाला ७३,०००, पाच वर्षांत ३,६५,०००. पानाला २ रुपये दराने झेरॉक्सचेच ७ लाख ३० हजार झाले असते. कुणी माझ्याकडे एवढे कागद मागितले असते तर मीही 'सबब' लिहिलं असतं.

पण पत्रात एक गोम होती, आणि ती समजायला मला कायदा मुळातून वाचावा लागला. २००५ च्या माहिती अधिकार कायद्यात माहिती नाकारायची कारणं कलम ८ आणि ९ मध्ये आहेत. ७(९) त्यांत नाही. ते कलम एवढंच म्हणतं की माहिती ज्या स्वरूपात मागितली त्या स्वरूपात सर्वसाधारणपणे द्यावी. तसं केल्याने साधनसामग्री प्रमाणाबाहेर वळणार असेल किंवा अभिलेखाला धोका असेल तर त्या स्वरूपात देऊ नये. म्हणजे तक्ता करून देता येत नसेल तर झेरॉक्स द्या, झेरॉक्स परवडत नसेल तर बोलवा आणि वह्या दाखवा. कलम २(ञ) मध्ये पाहणी करणं, टिपणं घेणं हा अधिकारच आहे. ७(९) ने स्वरूप बदलता येतं, माहिती नाकारता येत नाही, हे केरळ उच्च न्यायालयाने २०१० मध्ये स्पष्ट सांगितलं. आमच्या पत्रात पाहणीचा 'प'सुद्धा नव्हता.

अशा पत्रांत हल्ली सर्वोच्च न्यायालयाचं २०११ चं एक वाक्यही जोडलेलं असतं: ७५ टक्के कर्मचाऱ्यांनी आपला ७५ टक्के वेळ माहिती पुरवण्यात घालवावा, असं चित्र देशाला नको आहे. वाक्य खरं आहे, चिंताही खरी आहे. कार्यालयाकडे नसलेली माहिती नव्याने तयार करून देण्याचं बंधन नाही, हेही त्याच निकालात आहे. फक्त ते उद्धृत करणारे एक सांगत नाहीत. प्रकरण परीक्षेच्या उत्तरपत्रिकांचं होतं, आणि विद्यार्थ्याला आपली तपासलेली उत्तरपत्रिका पाहण्याचा हक्क आहे असाच निकाल लागला होता.

मी पहिलं अपील केलं. पत्र मिळाल्यापासून ३० दिवसांची मुदत असते. इथे स्टॅम्प २० रुपयांचा. नकार योग्य होता हे सिद्ध करण्याची जबाबदारी अपिलात जन माहिती अधिकाऱ्यावर, म्हणजे अर्जाला उत्तर देणाऱ्या अधिकाऱ्यावर असते, अर्जदारावर नाही. सुनावणी दहा मिनिटांत आटोपली. अपिलीय अधिकाऱ्यांनी पत्र वाचलं आणि एकच विचारलं, "यांना वह्या पाहायला बोलावलंत का?" जन माहिती अधिकारी माझ्याकडे बघायला लागले, जणू बोलावणं मी पाठवायचं होतं.

पाहणीचा दिवस मात्र मी विसरणार नाही. जिन्याखालची खोली, लाल फडक्यात बांधलेले गठ्ठे, गाठीवर पुठ्ठ्याची चिठ्ठी. वर्ष होतं, महिना उंदराने खाल्ला होता. पहिला तास फुकट असतो, म्हणून मी घड्याळ लावून बसले होते. कारकून साधारण माझ्याच वयाचे. त्यांनी वाहतूक नियंत्रकाची वही समोर ठेवली. मार्ग, गाडी नंबर, ठरलेली वेळ, सुटल्याची वेळ, शेरा. शेऱ्याच्या रकान्यात दोनच अक्षरं पुन्हापुन्हा: वा. ना. मी विचारलं तेव्हा म्हणाले, "वाहक नाही." एका महिन्यात माझी ९.४० ची गाडी ११ वेळा रद्द, त्यातल्या ९ वेळा वा. ना. गाडी होती, चालक होता, तिकीट फाडायला माणूस नव्हता.

पाऊण तास मी वहीतून टिपून घेत होते. ते बघत होते. शेवटी म्हणाले, "ताई, तुम्हाला रद्द फेऱ्याच हव्यात ना? मग हे कशाला उतरवताय? महिन्याचं रद्द फेऱ्यांचं विवरण आम्ही दर पाच तारखेला वर पाठवतो. एक पान असतं. कारणासकट."

पाच वर्षांची साठ पानं, १२० रुपये.

मी त्यांना म्हटलं, मग हे पत्रात का नाही लिहिलंत? ते म्हणाले, "तुम्ही विवरण मागितलंच नव्हतं." चिडण्यासारखं उत्तर आहे, पण खोटं नाही. कागदाचं नाव मला ठाऊक नव्हतं आणि बाहेरच्या माणसाला ते ठाऊक असणार तरी कसं? म्हणून तो 'सगळं द्या' म्हणतो, आणि सगळं मागितलं की कार्यालय 'फार आहे' म्हणतं. यावर कायद्यात उपाय आधीच लिहून ठेवलाय. कलम ४ नुसार प्रत्येक कार्यालयाने आपल्याकडे कोणत्या प्रकारचे कागद आहेत याची यादी आपणहून जाहीर करायची आहे, अभिलेख सूचीबद्ध ठेवायचे आहेत. आणि ५(३) नुसार जन माहिती अधिकाऱ्याने अर्जदाराला वाजवी मदत करायची आहे. त्या आगाराची यादी मी नंतर शोधली. सापडली. त्यात कागदांच्या रकान्यात लिहिलं होतं: 'विविध नोंदवह्या'.

माहिती देण्याचं ओझं फार म्हणजे किती, याला ब्रिटनमध्ये आकडा आहे. माहिती शोधायला तासाला २५ पौंड धरतात. केंद्रीय खात्यांना मर्यादा ६०० पौंडांची, बाकी संस्थांना ४५० ची, म्हणजे १८ तास. त्यापुढे नाकारता येतं. आपल्याकडे असा आकडा नाही, आणि तो असावा असं मला अजिबात वाटत नाही. उंदरांनी खाल्लेल्या गठ्ठ्यांत १८ तास पहिल्या चिठ्ठीपाशीच संपतील. ज्याचं दप्तर जास्त विस्कटलेलं, त्याला नकार देणं सोपं.

त्रास देणारे अर्जदार असतात, हेही मान्य करते. एकाच अधिकाऱ्यावर दर आठवड्याला अर्ज टाकणारे, आणि मग 'मिटवून टाकू' म्हणत फिरणारे मी माहिती आयोगाबाहेरच्या बाकावर पाहिलेत. त्यांच्यामुळे आमच्यासारख्यांच्या अर्जाकडे आधी संशयाने बघतात. त्या कारकुनांनीही पहिल्यांदा तसंच बघितलं होतं.

आता मी दोन टप्प्यांत मागते. पहिला अर्ज फक्त एवढाच: अमुक विषयाच्या कोणकोणत्या वह्या, विवरणं, अहवाल आपण ठेवता, त्यांची नावं द्या. नावं आली की दुसरा अर्ज: अमुक विवरण, अमुक महिने. खाली एक ओळ न चुकता घालते, 'माहिती विस्तृत वाटल्यास पाहणीची तारीख कळवावी.' कर्मचाऱ्यांची वैयक्तिक माहिती असली तर ती कलम १० प्रमाणे वगळून द्या, हेही आधीच लिहून टाकते, म्हणजे ते कारण पुढे करता येत नाही. अशा अर्जाला तासाभराचं काम लागतं. तेवढा खोळंबा मी करते, आणि त्याचं मला काही वाटत नाही.

यानंतर लोक विचारतात, गाडीचं काय झालं? सुटते आता बहुतेक दिवशी. शनिवारी अजून वा. ना.