इलेक्ट्रिक गिटार घेताय? आधी नेक हातात घ्या, नाव नंतर वाचा

दर थोड्या दिवसांनी कुणाचा ना कुणाचा मेसेज येतोच, की दादा बजेट एवढं एवढं आहे, स्क्वायर (फेंडरचाच स्वस्त ब्रँड) घेऊन टाकू की थांबून पैसे साठवू आणि फेंडरच घेऊ, की आपल्याकडे कस्टम बनवणारे आहेत त्यांच्याकडून बनवून घेऊ. प्रत्येकाला वेगळं टाइप करण्यापेक्षा इथेच सगळं लिहून टाकतो.

माझं मत सरळ आहे. पहिली किंवा दुसरी इलेक्ट्रिक घेताना नावावर पैसे घालू नका. मधल्या रेंजची नीट बनलेली गिटार घ्या, आणि बजेटमधले थोडे पैसे बाजूला ठेवून जाणकार माणसाकडून तिचा सेटअप, म्हणजे वाजवण्याजोगी जुळवाजुळव, करून घ्या. कस्टम नंतर, आपल्या हाताला नेमकं काय हवंय ते कळल्यावर.

आता का ते सांगतो. लिओ फेंडर स्वतः गिटार वाजवायचा नाही, कॅलिफोर्नियात फुलरटनला त्याचं रेडिओ दुरुस्तीचं दुकान होतं, आणि त्याने 1950 मध्ये जी गिटार बाजारात आणली (जी पुढच्या वर्षी टेलीकास्टर नावाने ओळखली जायला लागली) ती मुळात कारखान्यात पटापट बनावी आणि बिघडली तर पटकन दुरुस्त व्हावी अशा डोक्याने काढलेली होती. सपाट लाकडाची बॉडी, चार स्क्रूने बसवलेला नेक (बोटं जिथे फिरतात ती लांब दांडी), नेक खराब झाला तर काढा आणि दुसरा लावा. हेडस्टॉकसुद्धा (नेकचं खुंट्या असलेलं टोक) मागे झुकवलेला नाही, सरळ एका फळीतून कापलेला. म्हणजे ही डिझाइनच अशी आहे की इंडोनेशियात किंवा चीनमध्ये संगणकावर चालणाऱ्या सीएनसी मशीनवर बॉडी आणि नेक कापले तरी मूळ वस्तूच्या खूप जवळ जाता येतं. म्हणून आज साधारण 25-30 हजारांच्या आसपासची टेली (टेलीकास्टर) किंवा स्ट्रॅट (फेंडरचीच स्ट्रॅटोकास्टर) टाइप गिटार इतकी चांगली निघते, मग ती स्क्वायर असो नाहीतर यामाहाची पॅसिफिका.

गिब्सनची लेस पॉल (1952) वेगळ्या जातीची. महोगनीची बॉडी, वर मेपलचा कोरलेला टॉप, नेक गोंदाने बसवलेला, हेडस्टॉक मागे झुकलेला. प्रत्येक पायरीला कुशल हात लागतो आणि तो हात महाग असतो. स्वस्त लेस पॉल टाइप गिटारमध्ये पैसे वाचवायला मग कुठेतरी कात्री लागतेच, वरती मेपलचा नुसता पातळ पापुद्रा चिकटवलेला असतो, नेकचा जोड ढोबळ असतो, वजन कुठच्या कुठे जातं. त्यामुळे माझा सल्ला असा, की कमी बजेट असेल तर फेंडर पद्धतीच्या गिटारकडे बघा, आणि लेस पॉलचाच जाड आवाज हवा असेल तर थोडं थांबून एपिफोनच्या वरच्या मॉडेल्सपर्यंत जा. एपिफोन 1957 पासून गिब्सनच्याच मालकीची आहे, त्यामुळे तो हेडस्टॉक वेगळा असला तरी घराणं तेच.

आणि स्वस्त म्हणजे नकली असा जो समज आहे ना, तो इतिहासानेच कधीचा मोडीत काढलाय. सत्तरच्या दशकात जपानी कारखाने अमेरिकन गिटारच्या इतक्या हुबेहूब कॉप्या बनवायला लागले की 1977 मध्ये गिब्सनची मालक कंपनी आयबानेझच्या अमेरिकन वितरकाविरुद्ध कोर्टात गेली, भांडण कशावरून तर हेडस्टॉकच्या आकारावरून. फेंडरने दुसरा रस्ता धरला, 1982 मध्ये जपानमध्येच आपल्या गिटार बनवून घ्यायला सुरुवात केली आणि त्यातल्या स्वस्त मालाला स्क्वायर नाव दिलं. ती सुरुवातीची जपानी स्क्वायर आज लोक शोधून शोधून चढ्या भावात घेतात!

मग महागड्या आणि स्वस्त गिटारमध्ये फरक नसतोच का? असतो, पण तो आपण बघतो तिथे नसतो. दुकानात गेलात की लोगो, रंग, पिकअप (तारांचं कंपन पकडणारं चुंबक) सगळं बाजूला ठेवा आणि एकच करा. डाव्या हाताचं बोट नेकच्या खालच्या कडेवरून नटपासून (हेडस्टॉकजवळची तारांच्या खाचांची पट्टी) बॉडीपर्यंत हळू फिरवा. फ्रेटची (नेकवरच्या धातूच्या आडव्या पट्ट्यांची) टोकं बोटाला टोचतात का? स्वस्त गिटारमध्ये टोचतात, कारण टोकं घासून गोल करायला माणसाचा वेळ लागतो आणि नेमका तोच वेळ कारखान्यात वाचवलेला असतो. मग ट्यूनरचा (तार पिळायच्या खुंटीचा) कान अगदी थोडा फिरवा आणि नटकडे कान द्या. बारीक 'टिक्' ऐकू आलं आणि सूर एकदम उडी मारून वर गेला, तर तार नटच्या खाचेत अडकतेय. अशा गिटारबद्दल लोक म्हणतात ट्यूनर फालतू आहेत, नवीन ट्यूनर टाकतात, तरी ती सुरात राहत नाही, कारण दुखणं खाचेत आहे, बारीक कानशीने ती खाच नीट केली की बहुतेक वेळा गाडी रुळावर येते.

हे आपल्याला कुणी शिकवायची खरं तर गरजच नाही. मिरजेला तंबोरा घ्यायला जाणारा माणूस काय बघतो? भोपळा पंढरपूर-मंगळवेढ्याकडचा चांगला पिकलेला आहे का, लाकूड कसं आहे हे बघतोच, पण शेवटी सगळं येऊन थांबतं जवारीवर. कारागीर घोडीवरची तारांची जागा घासत घासत, मधे दोरा सरकवत तो सूर उघडतो तेव्हा तंबोरा बोलायला लागतो, आणि जवारी बसली नसेल तर कितीही देखणा तंबोरा मुकाच. इलेक्ट्रिक गिटारचा सेटअप म्हणजे हेच काम आहे. ट्रस रॉड (नेकच्या आतली धातूची सळी) फिरवून नेकचा बाक ठरवायचा, फ्रेट एका पातळीत आणायचे, नट कापायचा, अॅक्शन, म्हणजे तारांची उंची, बसवायची (बाराव्या फ्रेटवर जाड तार साधारण 2 मिमी वर, तिथून पुढे आपल्या हाताप्रमाणे), मग ब्रिजवर (बॉडीवर तारा टेकतात तिथे) इंटोनेशन, म्हणजे सगळ्या फ्रेटवर सूर बरोबर लागेल अशी तारेची लांबी जुळवणं. हे सगळं केलेली 25 हजारांची गिटार आणि कुरिअरच्या खोक्यातून जशीच्या तशी काढलेली दीड-दोन लाखांची गिटार शेजारी शेजारी ठेवून वाजवा, हात कुठे रमतो ते बघा. मी हे मित्रांना मुद्दाम करायला लावतो, आणि डोळे मिटून वाजवा म्हणतो.

मोठ्या नावाची बाजूही मांडायला हवी, कारण ती खरी आहे. विकायला काढलीत तर अमेरिकन फेंडरला गिऱ्हाईक मिळतं, भाव टिकतो. पार्ट कधीही मिळतात. आणि तुम्ही रेकॉर्डिंग करत असाल, रोज स्टेजवर असाल, तर वर्षानुवर्ष तेच वागणारं वाद्य हातात असणं याला किंमत आहे. अशा माणसाने जरूर घ्यावी, मनापासून घ्यावी. पण नुकतेच बार कॉर्ड (एका बोटाने सगळ्या तारा दाबून वाजवायचे कॉर्ड) बसायला लागलेत त्या पोराने ईएमआयवर घेऊ नये, त्या पैशात नीट अॅम्प येतो, वर्षभराचा क्लास येतो.

आता कस्टम. या विषयावर मी तासभर बोलू शकतो. क्वीन या रॉक बँडच्या ब्रायन मेने 1963 मध्ये वडिलांबरोबर घरीच गिटार बनवायला घेतली, नेक जुन्या शेकोटीच्या चौकटीच्या लाकडाचा, ट्रेमोलोला (सूर खाली-वर हलवणाऱ्या दांडीला) मोटरसायकलच्या स्प्रिंगा, नेकवरचे ठिपके शिंपल्याच्या बटणांचे, आणि पुढे क्वीनबरोबर आयुष्यभर तीच वाजवली. रॉक गिटारवादक एडी व्हॅन हेलनने 50 डॉलरची बॉडी आणि 80 डॉलरचा नेक जोडून त्यात गिब्सनचा पिकअप टाकला. दोघांनाही बाजारात जे मिळत नव्हतं ते हवं होतं, आणि काय हवंय हे पक्कं ठाऊक होतं. कस्टमचं खरं कारण हेच. नेक किती जाड, स्केल (नट ते ब्रिज तारेची लांबी) 25.5 इंच की 24.75, फ्रेट उंच की बुटके, याची उत्तरं तुमच्या हाताकडे असतील तरच बनवणाऱ्याकडे जा, नाहीतर तो त्याच्या आवडीची गिटार तुम्हाला देईल.

आपल्याकडे बनवून घेताना लाकडाबद्दल खोदून खोदून विचारा. कुठलं आहे यापेक्षा किती वाळवलंय हे जास्त महत्त्वाचं. ओळखीच्या एकाची कस्टम गिटार दिसायला अप्रतिम होती, पहिल्याच पावसाळ्यात नेकला पीळ पडला, आणि पीळ ट्रस रॉडने जात नाही. उलट कोरड्या हिवाळ्यात लाकूड आकसतं आणि फ्रेटची टोकं बाहेर येतात, ते मात्र दुरुस्त होतं. सागाच्या बॉडीचा मोह होईल, पण तीन तास खांद्यावर घेऊन उभं राहायचंय हे लक्षात ठेवा. फिंगरबोर्डला आपला शिसव उत्तम, जगातल्या बड्या बड्या कंपन्या इंडियन रोझवूड म्हणून तोच वापरतात. 2017 मध्ये सगळ्या रोझवूडवर आंतरराष्ट्रीय व्यापाराची बंधनं आली तेव्हा गिटारवाल्यांची केवढी पळापळ झाली होती, तयार वाद्यांना 2019 मध्ये सूट मिळाली तेव्हा कुठे श्वास सुटला. आणि हो, कस्टम विकायला गेलात तर घातलेले पैसे परत येतील हे धरून चालू नका.

एक मधला रस्ताही आहे, सेकंडहँड. मेक्सिकोत बनलेली फेंडर चांगल्या स्थितीत मिळाली तर मी डोळे झाकून हो म्हणेन, फक्त फ्रेटवर तारांच्या खाली खड्डे पडलेत का ते बघा आणि ट्रस रॉड खरंच फिरतोय ना हे विकणाऱ्यासमोरच तपासा. जुनी गिब्सन असेल तर तारा सैल करून हेडस्टॉकच्या मागे, नटच्या जरा वर, मोबाइलचा टॉर्च तिरका धरा. तिथेच हेडस्टॉक मागे वळतो आणि तिथेच ट्रस रॉडसाठी लाकूड कोरलेलं असतं, त्यामुळे पडली की तिथेच मोडते. पॉलिशखाली केसासारखी रेघ दिसली तर दुरुस्ती झालीय असं समजा. नीट चिकटवलेली असेल तर वाजायला काही अडत नाही, पण भाव बराच खाली आला पाहिजे, तेवढी घासाघीस कराच.